एक बाटली अंदमान

आमच्या बिल्डिंगमधून कोणी समुद्राकडे निघालं, की भोईरकाका औषधाची रिकामी बाटली घेऊन दारात हजर. खोकल्याच्या औषधाची, स्वच्छ धुऊन सुकवलेली. "येताना रेती आणा," एवढंच म्हणायचे. दुसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं गोव्याला निघालं, तेव्हा काकांनी त्यांची रिक्षा अडवून नवरीच्या हातात बाटली दिली. तिने बिचारीने विचारलं, "जेवणाआधी की नंतर?"

वामन भोईर म्हणजे पस्तीस वर्षं इथल्याच कशेळीच्या खाडीवर, रेतीबंदरात मुकादम. रेती तळहातावर घ्यायची, अंगठ्याने चोळायची आणि कुठली, कशी ते सांगायचं. निवृत्त झाले तरी 'ब्रास' हे रेतीचं माप तोंडातून गेलं नाही. एका लग्नात माझं ताट बघून पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, अर्धा ब्रास भात हाय ह्यो." कोणतीही बातमी सांगा, उत्तर ठरलेलं. "चाळून घ्या. खडे असतील."

त्यांच्या पत्नी भोईरबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. पुस्तक न उघडता फळ्यावर भारताचा सगळा किनारा काढायच्या म्हणे. मधुमेहाने त्यांचे डोळे नेले. तेव्हापासून त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत आणि त्यांना सोडून काका भाजी मंडईच्या पलीकडे गेलेले नाहीत. एकदा काकांनी अलिबागसाठी गाडीसुद्धा बोलावली होती. बाई चपला घालून दारापर्यंत आल्या, उंबऱ्यावर थांबल्या आणि परत फिरल्या. बाटल्यांचा नाद काकांना त्यानंतर लागला. मी समजलो, कोणी तिकिटं जमवतो, कोणी काडेपेट्या, हे रेती जमवतात. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मी स्टाफरूममध्ये नेहमी सांगतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी बायको रेखा अंदमानला निघालो. काका बाटली देताना यावेळी जास्त बोलले. "अलिबाग झाला, मालवण झाला, दीव झाला, लक्षद्वीपपण झाला. अंदमान तेवढा ऱ्हायलाय, मास्तर. इसरू नका."

आता मी तिथे काय केलं ते सांगतो. बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत पिशवीत तोंड घालून होतो, त्यामुळे वाटेतला जगप्रसिद्ध समुद्र मी पाहिलेला नाही. रिसॉर्टच्या दारात एका मुलीने शहाळं देऊन स्वागत केलं. पाणी पिऊन झाल्यावर मी ते तिला परत दिलं आणि म्हणालो, "मलई काढके दो." तिथल्या दुकानातून फुलाफुलांचा शर्ट घेतला आणि पोट आत ओढून त्यात फोटो काढले. गुडघाभर पाण्यात लाइफ जॅकेट घालून उभा असलेला त्या किनाऱ्यावर मी एकटाच होतो. शेजारून एक चार वर्षांची पोर आरामात पोहत गेली.

बाटलीची आठवण झाली ती घरी बॅग उघडल्यावर. बाटली गच्च भरलेली होती, पण शॅम्पूने. रिसॉर्टच्या बाथरूममधला शॅम्पू वाया जाऊ नये म्हणून रेखा रोज त्यात ओतत होती.

सरळ जाऊन "विसरलो" म्हणता आलं असतं. पण तेवढी हिंमत असती तर मी बोटीत डोकं वर काढलं असतं. बाटली खळबळून घेतली आणि स्कूटर वळ गावच्या रस्त्याला काढली. तिथे एका नव्या गोदामाच्या बांधकामावर रेतीचा ढीग होता. मी फुलाफुलांच्या शर्टात त्या ढिगापुढे उकिडवा बसलो.

"क्या ढूंढ रहे हो, चाचा?" वॉचमनने विचारलं.

"चावी गिर गई," मी म्हणालो आणि बाटलीला बूच लावलं.

एरवी काका बाटली दारातच घेत. त्या दिवशी म्हणाले, "आत या. बाई म्हनली, अंदमानवाल्यांना आत आण." आत बाई खुर्चीत बसल्या होत्या. पुढ्यात टीपॉयवर परात होती. काकांनी चिमूटभर रेती तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली आणि माझ्याकडे पाहिलं. कॉपी करणारी पोरं मी खूप पकडली आहेत. त्यांना त्या वेळी कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

काकांनी माझ्यावरची नजर काढली आणि बाटली उपडी केली. सगळी रेती परातीत ओतून म्हणाले, "आला गं अंदमान."

बाईंनी दोन्ही हात रेतीत घातले. "मालवणची मऊ होती," त्या मला म्हणाल्या. "दीवची बोचरी. मी आता असाच किनारा बघते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई," मी म्हणालो, "ही अंदमानची नाही. मी विसरलो. ही इथलीच आहे."

"मास्तर!" काका माझ्यावर ओरडले.

बाई मात्र हसत होत्या. "अंदमानला शॅम्पूचा वास कशाला येईल? आणि ही रेती मला नवी आहे का? पस्तीस वर्षं यांच्या खिशातून झाडलीय मी. कशेळीची आहे." त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. "किती दिवसांनी आली घरात."

काका खाली बघत म्हणाले, "तुला वाईट वाटंल म्हनून गप ऱ्हायलो."

"आता अंदमान तोंडी सांगा," बाई मला म्हणाल्या. "पण खरं सांगा."

मी मराठीचा मास्तर. निळंशार, अथांग असलं सगळं जिभेवर तयार होतं. ते गिळलं आणि पिशवी, मलई, लाइफ जॅकेट, सगळं सांगितलं. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काका हसले नाहीत. ते मला हळूच विचारू लागले, "त्या रिसॉर्टपास्नं पान्यापर्यंत पायऱ्या किती हायत? कोनाचा हात धरून जाता येतं का?"

"पायऱ्या नाहीतच," मी म्हणालो. "खोलीबाहेर पाय टाकला की रेती."

"मी कुठेही येणार नाही," बाई म्हणाल्या.

"न्हाय गं. असंच इचारलं."

परातीतली रेती बोटांमधून गळत राहिली. मग बाईंनी विचारलं, "लाट केवढी असते हो तिथे?"

काकांनी माझा हात घट्ट धरला. "सावकाश सांगा, मास्तर," ते म्हणाले. "काय पन घाई न्हाय."