कांबळं ओलं, फरशी कोरडी

खिडकीसाहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "मला पाचारण झालंय!"

बायको शाळेच्या वह्या तपासत होती. तिचं लाल पेन थांबलं नाही. "कसलं?"

"कसलं म्हणजे? देवाचं! मी मिशनरी होणार. दूर देशी जाऊन सुवार्ता सांगणार!"

"कुठल्या देशी?"

"ते अजून ठरलं नाही. पण लांब."

"लांब म्हणजे किती लांब?"

"बोटीनं जावं लागेल इतकं!" साहेब म्हणाले आणि टेबलापलीकडे समुद्र असल्यासारखे बघत बसले.

खिडकीसाहेब हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींची जी एक खिडकी आहे, तिच्या आत हे गृहस्थ वर्षानुवर्षं बसत आले, म्हणून खिडकीसाहेब. माणूस मनाचा चांगला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार, गीताच्या वेळी यांचा आवाज सगळ्यांच्या वर. फक्त खिडकीत बसले की मान जी खाली जायची ती वर म्हणून येत नसे! समोरचा माणूस गळका पाइप सांगो की आटलेला नळ, साहेब शिक्क्याशी चाळा करत म्हणणार, "बुधवारी या." त्यामुळे लोकांना त्यांचा चेहरा माहीत नव्हता, पण डोक्यावरचे दोन भोवरे पाठ होते. आणि बुधवारी? बुधवारी खिडकीला आतून कडी! बुधवार हा साहेबांच्या उपासाचा दिवस. त्या दिवशी ते बंद खिडकीआड गुडघे टेकून दूरदेशीच्या तहानलेल्या आत्म्यांसाठी प्रार्थना करत. बाहेर तहानलेली माणसं रांगेत उभी असत, ती वेगळी.

पाचारण झालं म्हटल्यावर तयारी आली. साहेब गादी सोडून जमिनीवर झोपू लागले. तिसऱ्याच दिवशी कंबर अशी धरली की त्यांना उठवायला बायको आणि शेजारचा शिंपी असे दोघे लागले. मग त्यांनी मीठ सोडलं. मग कुठली तरी भाषा शिकायला हवी म्हणून बसले. पण देशच ठरलेला नसल्यामुळे नुसत्या हातवाऱ्यांचा सराव सुरू केला. एकदा त्यांनी खुणेनं पाणी मागितलं, तर बायकोनं दिवा बंद केला.

सगळ्यांत मोठी तयारी जिन्यात. पाठीवरच्या पिशवीत जाडजूड पुस्तकं भरून साहेब रोज संध्याकाळी चारही मजले चढत-उतरत. वरच्या मजल्यावर तीन महिन्यांपूर्वी एक आजी राहायला आल्या होत्या. त्या जिन्यात हटकून भेटत आणि काही सांगायला तोंड उघडत. पण साहेब त्या वेळी मनानं डोंगर चढत असत. "वाट द्या, आजी, वाट द्या!" म्हणत ते पुढे निघून जात.

जेवताना बायकोला उपदेश चालूच. "तिथले लोक सुरुवातीला आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत, बरं का! बघितलं की पळून जातात. पण आपण खचायचं नाही. धीर धरायचा असतो."

बायको अळणी आमटी गिळत ऐकून घ्यायची. तिची गोष्ट निराळी होती. लवकरच ती शाळेची मुख्याध्यापिका होणार होती. त्या खुर्चीसाठी तिनं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. आणि इकडे चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगून टाकलं होतं की बायको मनापासून तयार असल्याशिवाय मिशनची निवड समिती अर्जाकडे बघणारसुद्धा नाही.

एके दिवशी तिनं पेन खाली ठेवलं. साहेब सावरून बसले, कारण ती पेन सहसा खाली ठेवत नाही.

"हे बघा," ती म्हणाली, "देव बोलावत असेल तर मी ती खुर्ची सोडीन. रडत सोडीन, पण सोडीन. मात्र तुमच्या शब्दावर नाही. त्याच्याकडून खूण आणा."

"आणतो!" साहेब म्हणाले. बाजारातून कोथिंबीर आणावी तसे!

आता पवित्र शास्त्रात एका शूर पुरुषाची गोष्ट आहे. त्यानं लोकर उघड्यावर ठेवली आणि देवाला म्हटलं, सकाळी दंवानं लोकर तेवढी ओली आणि जमीन कोरडी असली, तर तू मला पाठवतो आहेस असं मी समजेन. साहेबांनी पेटीतलं जुनं लोकरीचं कांबळं काढलं. गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात एक कुंडी होती. तिच्यातलं झाड भलतंच माजलं होतं. साहेब म्हणत, मी रोज त्याच्यापुढे प्रवचनाचा सराव करतो, त्याचा हा परिणाम! त्यांनी कुंडी उचलून आत ठेवली, तिच्या जागी कांबळ्याची घडी ठेवली आणि प्रार्थना करून झोपले.

सकाळी गॅलरीतून जी आरोळी आली, तिनं शिंपी अर्धी दाढी करून धावत आला. कांबळं ओलंचिंब! आणि फरशी ठणठणीत कोरडी!

बायकोनं कांबळ्याला हात लावून पाहिला. मग पदराला हात पुसत म्हणाली, "त्या माणसानं दोनदा खूण मागितली होती ना? दुसऱ्या वेळी उलट. लोकर कोरडी, जमीन ओली."

"मागू की! आपल्याला कुठं भीती आहे!"

दुसरं कोरडं कांबळं निघालं. या खेपेला साहेबांनी ते उजव्या कोपऱ्यात ठेवलं. देवालाही जरा जागाबदल, असा त्यांचा विचार. आणि सकाळी बघतात तो काय, कांबळं कोरडं आणि डाव्या कोपऱ्यात फरशीवर हे एवढं तळं!

बायको मटकन खाली बसली. खूप रडली. मग तोंड धुऊन शाळेत गेली आणि मला ती खुर्ची नको म्हणून सांगून आली. आपल्यासारख्या माणसाला देव खरोखर बोलावतो, या विचारानं साहेबांना दिवसभर अन्न गेलं नाही. बरंच झालं, ते अळणीच होतं.

बातमी चर्चच्या मंडळीत पसरायला कितीसा वेळ! पहाटे उपकारस्तुतीची प्रार्थना ठरली, तीही त्याच गॅलरीत. पाळकसाहेब आले, गायनमंडळ आलं, शिंपी तर होताच. गॅलरी एवढीशी, माणसं ही एवढी! पाळकसाहेबांना मानाची जागा म्हणून डाव्या कोपऱ्यात उभं केलं. साहेब त्यांच्यापुढे गुडघे टेकून, मान खाली घालून बसले. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे दयाळू बापा," पाळकसाहेबांनी सुरुवात केली, "तुझ्या या सेवकाला तू—"

टप्प!

पाळकसाहेबांच्या टकलावर थेंब पडला. त्यांनी एक डोळा उघडला, पुन्हा मिटला. "तू दूर देशी—"

टप्प! टप्प!

"तिसरी खूण!" गायनमंडळातल्या मावशी किंचाळल्या. "हल्लेलुया!"

"हल्लेलुया!" सगळी गॅलरी गरजली. आणि वरच्या गॅलरीतून एक पिकलं डोकं खाली वाकलं.

"आलात का हो एकदाचे?" वरच्या आजी म्हणाल्या. "पाणी खात्याचीच माणसं ना? अगं बाई, एवढी सगळी कशाला आलात? एक पानेवाला पुरे होता!"

"आम्ही प्रार्थना करतोय, आजी," पाळकसाहेब टक्कल पुसत म्हणाले.

"त्यानं पाइप थांबणार असेल तर करा बापडे! माझ्या तर प्रार्थना संपल्या. पहाटे पाणी आलं की भिंतीतला पाइप गळायला लागतो, मी उठून बादल्या लावते. बादल्या उचलून माझे गुडघे गेले. उरलेलं पाणी खाली तुमच्याकडे. बरं, पाइप खात्याचा, प्लंबर हात लावायला तयार नाही. तीन महिने त्या खिडकीवर खेपा घालतेय!"

"मग तिथं काय सांगतात?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"बुधवारी या!"

साहेबांनी मान आणखी खाली घातली. तिथंच चुकले! आजी कठड्यावरून आणखी वाकल्या, डोळे बारीक केले आणि ओरडल्या, "हेच ते! खिडकीत चेहरा कधी दिसला नाही, पण हे दोन भोवरे मी कुठंही ओळखीन!"

बायकोनं आधी वर पाहिलं. मग डावा कोपरा पाहिला. मग आत ठेवलेल्या कुंडीकडे पाहिलं. तिथं दोनच दिवसांत झाड माना टाकून बसलं होतं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "या झाडाला तुम्ही पाणी घालत होता ना?"

"मी? मला वाटलं तू घालतेस!"

"मी शाळेत जाऊन येते," बायको म्हणाली आणि चपला अडकवून निघालीसुद्धा. तिच्या जागी नेमलेल्या बाईंनी त्या खुर्चीवर उशी ठेवली होती. ती उशी बायकोनं स्वतः उचलून, झटकून, त्यांना नम्रपणे परत केली असं नंतर कळलं.

मंडळी एकेक करून सटकली. साहेब तसेच गुडघ्यांवर बसून होते. लाज तर वाटत होतीच, पण त्याहून वाईट वाटत होतं. माणसाची हौस खोटी नव्हती हो! "पाळकसाहेब," त्यांनी विचारलं, "म्हणजे मला कुणी बोलावलंच नव्हतं?"

"असं कसं? निरोप तर तीन महिने रोज पहाटे येत होता," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही पत्ता भलताच वाचलात. बोटीचं पुढच्या वर्षी बघू. आधी ती खिडकी उघडा. बुधवारीसुद्धा."

आजींचा पाइप त्याच दिवशी दुरुस्त झाला. साहेब स्वतः पानेवाल्याला घेऊन जिना चढले, आणि पिशवीत पुस्तकं नसूनही त्यांना तो जिना फार उंच वाटला.

बुधवार उजाडला. साहेबांनी कडी काढली, खिडकी सताड उघडली आणि मान वर केली. समोर एक म्हातारा उभा होता. साहेब प्रेमानं हसले. "या बाबा! काय त्रास आहे? सगळं सांगा, अगदी सावकाश."

म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्यानं वरची पाटी वाचली, पुन्हा साहेबांचं हसू पाहिलं. "माफ करा हं, खिडकी चुकली वाटतं," असं पुटपुटत तो जो निघाला तो थेट रस्त्यावर! साहेब अर्ध्या रस्त्यापर्यंत त्याच्यामागे धावले, पण म्हातारा चपळ निघाला.

संध्याकाळी साहेब घरी आले आणि मुकाट्यानं झाडाला पाणी घालू लागले.

"कसा गेला पहिला दिवस?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"पहिलाच माणूस मला बघून पळून गेला."

लाल पेन क्षणभरही थांबलं नाही. "सुरुवातीला ते लोक विश्वास ठेवत नाहीत," बायको म्हणाली. "धीर धरायचा असतो."