सुभेदार तात्यांच्या सोयरिकी

कोरेगावात आमच्या शेजारी राहणारे सुभेदार तात्या लग्नपत्रिकेत मुहूर्त बघत नाहीत, इंग्रजी तपासतात. सख्ख्या पुतण्याच्या इंग्रजी पत्रिकेत ‘मॅरीड’पुढे ‘विथ’ छापलं होतं. तात्यांनी लाल पेनाने गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रिकेवर ‘टू’ केलं.

“आवं, नवरा-नवरी तरी बरोबर हायत का बघा!” तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या.

तात्यांनी तेही तपासलं.

तात्या फौजेत क्लार्क होते. एका साहेबाने त्यांचा चुकीच्या इंग्रजीतला रजेचा अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून त्यांचं हसं केलं, तेव्हापासून हे सुरू झालं. “परत्येक विशेषणाची सोयरीक ठरल्याली असती, गड्या,” ते मला सांगतात. “‘प्राउड’नं ‘ऑफ’च्याच घरी नांदायचं. ‘गुड’नं ‘अ‍ॅट’च्या. दुसरीकडं धाडली की इज्जत जाती.” गल्लीतल्या जवानांचे अर्ज तेच लिहून देतात. मी वर्तमानपत्रात काम करतो. माझ्याही शंका त्यांच्याकडेच जातात.

मुलीने, वैशालीने, त्यांना इंग्रजीतच लिहायचं, हा घरचा नियम. ती सांगलीला नोकरी करते. गेल्या वर्षी तिचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. काकू आधीच गेल्या होत्या, तात्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी निघणार होते. आदल्या दिवशी दुपारी वैशालीचा मेसेज आला : ‘तात्या, आय अ‍ॅम अफ्रेड फ्रॉम टुमारोज ऑपरेशन.’

मिनिटभरात तात्यांचं उत्तर गेलं : ‘ऑफ. नॉट फ्रॉम.’

एवढंच.

ऑपरेशन नीट झालं. तात्या दवाखान्यात पोचले, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती फक्त काकूंशी बोलते.

परवा तात्या माझ्याकडे आले. फोन पुढे केला. मराठीत लिहिलं होतं : ‘वैशे, त्या दिवशी मीबी लय भ्यालो हुतो. काय लिवावं सुचंना. जे येत हुतं ते लिवलं.’

“बघ की जरा,” तात्या म्हणाले. “काय ऱ्हायलंय का?”

“काही नाही. पाठवा.”

त्यांनी अंगठा दाबला. थोड्या वेळाने दोन्ही खुणा निळ्या झाल्या. आम्ही थांबलो. चहा झाला. काहीच आलं नाही.

“वाचलं तिनं,” तात्या म्हणाले. “हितं रेंज कमी हाय व्हय रं?”

रेंज पुरेशी होती. मी हो म्हणालो. त्यांनी खुर्ची उचलली आणि खिडकीशी नेऊन बसले.