हाजी तिजानींचं प्लायवुड

मुलीला बघायला पाहुणे येणार होते, त्या रविवारी सकाळी हमादी अंगणात प्लायवुड उकळत होता.

यात त्याचा फारसा दोष नव्हता. बिझर्त बंदराच्या पुलावरून बस नेण्यात त्याची सगळी नोकरी गेली. मोठं जहाज आलं की पूल वर उचलला जाई, रस्ता थांबे, मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करत, आणि हमादी स्टिअरिंगवर हनुवटी टेकून खाली पाण्यात डुलणाऱ्या होड्या बघत बसे. बाकीचे ड्रायव्हर तेवढ्यात सिगारेट ओढून घेत. हमादीनं तेवढ्या तेवढ्या वेळात मनातल्या मनात एक होडी बांधली होती. पांढरी, निळ्या काठाची. निवृत्त झाल्यावर ती मनातून अंगणात आणायची, एवढंच काय ते बाकी होतं.

पण अंगणात आणायची तर लाकूड हवं, आणि गाडी तिथेच अडली. रोज तो कुठल्या ना कुठल्या वखारीत जाई, प्लायवुडवरून हात फिरवी, वास घेई, कानाशी धरून टिचकी मारी. कुठलं गुलाबीसर, कुठलं मधासारखं. त्यावरच्या रेषांकडे बघता बघता त्या हलायला लागत, त्यांच्या लाटा होत, एखादी लाट पायाला लागल्यासारखीही वाटे. मग वखारवाला विचारी, "काय देऊ?" आणि हमादी दचकून किनाऱ्याला लागे.

"मला बघायला आलास तेव्हा एवढं निरखून बघितलं नव्हतंस," बायको दलीला म्हणाली.

"तुला पाण्यात सोडायचं नव्हतं," हमादी म्हणाला. तो हे अगदी मनापासून बोलला, म्हणून त्या रात्री त्याला जेवण मिळालं.

अखेर निवड तीन तुकड्यांवर आली. एक खोकी बनवणाऱ्याकडचा. एक बंदरावरच्या एका म्हाताऱ्यानं दिलेला, शिक्का ना नाव. आणि तिसरा गावातल्या सगळ्यात मोठ्या वखारीतला. तो तुकडा खुद्द मालकांनी, हाजी तिजानींनी, आपल्या भल्याथोरल्या पोटावर टेकवून त्याला दाखवला होता.

"खास जहाजी माल! हा लाल नांगराचा शिक्का बघा."

"उकळून बघितलं तर चालेल?" हमादीनं भीतभीत विचारलं. खऱ्या जहाजी प्लायवुडचे थर उकळत्या पाण्यातही सुटत नाहीत, असं कॅफेत एका खलाशानं त्याला सांगितलं होतं.

हाजींनी छातीवर हात ठेवला. "खुशाल उकळा! त्या पाण्यावर शिजलेलं अन्न मी स्वतः खाईन."

तर रविवारी दलीला मासे आणायला बाजारात गेली. तिन्ही तुकडे मावतील असं भांडं घरात एकच होतं, कुसकुसचं. खालच्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं आणि वरच्या चाळणीत रव्याच्या कण्या वाफवायच्या. हमादीनं चाळणी बाजूला ठेवली, पातेलं अंगणातल्या शेगडीवर चढवलं, तुकडे आत सोडले, वर झाकण घातलं आणि तो गच्चीवर गेला. तिथून पाण्याची एक निळी रेघ दिसे. ती बघत तो विचार करत राहिला, की वल्ही कुठल्या लाकडाची करावीत. विचार करता करता त्यानं मनातली होडी पाण्यात सोडलीसुद्धा.

इकडे मेहुणी झकिया मदतीला आली. हे स्थळ तिनंच आणलेलं होतं, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला होता. अंगणात पाणी खळखळतंय हे बघून तिला बहिणीचं कौतुक वाटलं. तिनं झाकण काढलं, आणि वाफेनं चष्मा धुरकटला तरी त्यावर सराईतपणे कण्यांची चाळणी बसवली.

दलीला परतली तेव्हा कुसकुस वाफवून मोकळं झालं होतं. फक्त वास जरासा वेगळा होता.

"नवीन मसाला?" तिनं विचारलं.

"मला वाटलं तुझाच आहे," झकिया म्हणाली, आणि पाणी किती उरलंय ते बघायला तिनं चाळणी उचलली. आत पळी घातली. पळीवर चौकोनी, तपकिरी, पदर सुटलेलं असं काहीतरी आलं.

"अगं दलीला, हे कुठल्या जनावराचं मांस?"

दलीलानं बघितलं. तिला जनावर लगेच ओळखू आलं.

"हमादीऽऽ!"

गच्चीवरच्या हमादीची होडी तिथल्या तिथे बुडाली. तो धावत खाली आला आणि बायकोकडे न बघता आधी पातेल्यात डोकावला. खोकीवाल्याचा तुकडा फुगला होता. बंदरावरचा जसाच्या तसा होता. आणि लाल नांगराचा तुकडा वहीसारखा पानं पानं होऊन तरंगत होता.

"बघ! उलगडलं!" तो आनंदानं ओरडला.

"आता तुला उलगडते मी!" दलीला म्हणाली. तेवढ्यात दारावर थाप पडली.

पुन्हा कुसकुस करायला वेळ नव्हता. दलीलानं फर्मान काढलं. कुसकुसचं नाव काढायचं नाही. मासे, पाव, सॅलड, भागेल तेवढ्यात. हमादीनं तोंड बंद ठेवायचं. हमादीनं मान डोलावली आणि दार उघडलं. समोर आधी पोट आलं, मग त्यामागून हाजी तिजानी.

दलीलानं नवऱ्याला मुलाकडच्यांचं नाव दोनदा सांगितलं होतं. पण तेव्हा तो होडीच्या तळाचा विचार करत होता.

"अरे! हमादीसाहेब म्हणजे तुम्हीच?" हाजींनी त्याला मिठी मारली. "काय, उकळलंत का?"

"उकळलं," हमादी म्हणाला.

"मग? काय म्हणतंय?"

हमादीनं दलीलाकडे बघितलं. दलीलानं छताकडे बघितलं.

"बोलायच्या पलीकडे आहे," हमादी म्हणाला.

हाजी खूश होऊन बसले. शेजारी त्यांचा मुलगा नौफल बसला, सडपातळ, कमी बोलणारा. समोर हमादीची मुलगी रौदा. आईच्या धाकानं ती बसली होती खरी, पण गालिच्यावरच्या नक्षीत तिला जेवढा रस होता तेवढा पाहुण्यांत नव्हता. मासे आले, पाव आला. हाजींनी नाक वर करून हवा हुंगली.

"घरभर कुसकुसचा वास आणि ताटात पाव? सोयरिकीच्या दिवशी? आमच्यात काही कमी दिसलं की काय?"

ते हसत म्हणाले, पण दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा हसू नव्हतं. त्यांनी हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. झकियाचा धीर सुटला.

"कमी काही नाही हाजी, तुम्हाला चालत असेल तर आणते! तुमच्याच लाकडाच्या पाण्यावर वाफवलंय!"

मग दलीला उठली, आत गेली आणि तिनं तीन तुकडे एका ताटलीत घालून हाजींसमोर ठेवले. आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं?

हाजींनी त्या पानांकडे बघितलं. कान लाल झाले. "हा माझा माल नाही," ते म्हणाले. "कुणीतरी खोटा शिक्का मारलाय. माझ्या घराण्यावर किटाळ आणणाऱ्यांशी मी सोयरीक..."

"बाबा," नौफल म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "शिक्का आपलाच आहे. नव्या कारखान्याचा माल ठेवू नका, असं मी म्हणालो होतो. हे पाणी झेपणारं लाकूड नाही. माणसं त्यात बसून समुद्रात जातील."

बापापुढे एवढं बोलायची त्याची बहुधा पहिलीच वेळ. हाजींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

रौदानं गालिच्यावरची नजर उचलली. तिनं नौफलकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, अगदी तिचे वडील प्लायवुड बघत तसं, सावकाश, कडेपासून कडेपर्यंत. मग माशांची थाळी उचलून त्याच्यापुढे केली. त्यातला सगळ्यात चांगला तुकडा त्याच्या बाजूला वळवलेला होता. दलीलानं झकियाला कोपरानं ढोसलं. हाजींनीही ते बघितलं, आणि त्यांचं तोंड मिटलं.

पुढच्या शुक्रवारी हाजींनी हमादीला वखारीत बोलावलं. लाल नांगराचा सगळा ढीग भिंतीशी उलटा करून ठेवलेला होता. हाजी त्याला अगदी आत, शेवटच्या खोलीत घेऊन गेले. तिथे त्यांनी एक चादर ओढली; खाली प्लायवुडचे चार ताव उभे होते, गुलाबीसर, एकसारखे, रेशमासारखे. हमादीनं टिचकी मारली. लांब कुठेतरी पाणी वाजलं.

"हे विकायला नाही का ठेवलं?"

"माझ्यासाठी ठेवलंय," हाजी हळूच म्हणाले. "तरुणपणापासून एक होडी करायची मनात आहे. परदेशातून मागवलंय हे. आपल्या दुकानातल्या मालावर विश्वास ठेवून पाण्यात उतरायची छाती होईना."

दोघांनी त्या लाकडावरून हात फिरवला. छताच्या फटीतून उन्हाची तिरीप पडली होती, त्यात भुसा तरंगत होता.

"घेऊन जा सगळं," हाजी म्हणाले. "फक्त मला बसायला जागा ठेव."

हमादीनं खिशातला आराखडा काढून तावावर पसरला, मग हाजींच्या पोटाकडे बघितलं, मग पुन्हा आराखड्याकडे.

"मग एवढं पातळ चालायचं नाही हाजी," तो म्हणाला. "जाड काढा."