अंगठा वर उचला

रंगराव कुणाला रामराम करत नाही. "अंगठा वर उचला," म्हणतो. हाताचा नव्हे, पायाचा. समोरच्यानं चप्पल काढून अंगठा उचलला की हा वाकून तो खाली दाबतो. जोर बरोबर लागला तरच पुढचं बोलणं. वडूजच्या बाजारात त्यानं एका कांदेवाल्याला असं उभं केलं होतं, गिऱ्हाइकं ताटकळली.

त्याचं घर आमच्या भिंतीला लागून. सैन्याच्या दवाखान्यात नोकरी केली, पेन्शनीवर आला, पण लोकांचे हातपाय काही सोडले नाहीत. त्याचं म्हणणं, पाठीचा कणा म्हणजे कालवा. मणक्यामणक्यांतून नसा रानाला पाणी नेणाऱ्या चाऱ्यांसारख्या फुटतात. मानेतल्या हाताला, कमरेतल्या पायाला. प्रत्येकीचं रान ठरलेलं. तिथल्या कातडीचं लागणं तीच कळवते, आणि स्नायूही तीच हलवते. म्हणून करंगळीला मुंग्या आल्या तर हा करंगळीकडे बघतसुद्धा नाही, मान चाचपतो.

माझ्या पोटरीवर जुना डाग आहे. पायातून कळ यायची म्हणून सासऱ्यांनी तापल्या विळ्यानं दिलेला. तो बघून रंगराव म्हणाला, "आक्का, चारीच्या तोंडाला दगड अडकला, आन तुमी पिकाला चटका दिला व्हय?"

"कळ गेली होती माझी."

"कळ न्हाई गेली. विळ्याला भिऊन तुमी सांगायचं सोडलं."

ते मात्र खरं होतं.

माझ्या पुतणीच्या हळदीला नवरदेवाचा मामा मांडी चोळत बसला होता. ह्यानं त्याचा लेंगा वर सारला आणि हळदीनं पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत रेघ ओढली. "पाव्हणं, कमरेची पाचवी नस!" पाहुण्यांना वाटलं आमच्यात असा विधी असतो. मामांनी दुसराही पाय पुढे केला.

औंदा त्याच्या बायकोची, हौसाची, तीच पाचवी दबली. उजवं पाऊल लोंबायला लागलं. चप्पल गळून पडायची, तिला पत्ता नसायचा. साताऱ्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पायाला पुन्हा कळायला लागेल किंवा नाही लागणार, वाट बघा.

रंगराव रोज सकाळी तिला डोळे मिटायला लावून अंगठ्यावरून कोंबडीचं पीस फिरवायचा.

"लागलं का गं?"

"न्हाई."

त्या दिवसांत बाजारात कुणाच्या पायाला त्यानं हात लावला नाही.

परवा मी विरजण मागायला गेले. हौसा खाटेवर डोळे मिटून बसली होती. रंगरावच्या हातातलं पीस पायापासून अजून वीतभर लांब होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "आवं, लागलं! अंगठ्याला लागलं!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या भांड्याकडे बघितलं.

"शाबास," तो तिला म्हणाला.

मग तिचे पाय धुवायला त्यानं चुलीवरचं पाणी बादलीत घेतलं. पहिला तांब्या स्वतःच्या पायावर ओतला, जरा थांबला, आणि बादलीत गार पाणी मिसळलं.