खाट एक का दोन?

शेषरावाच्या टूर्सच्या दुकानात दोघं जण शिरले की राम राम व्हायच्या आधी प्रश्न यायचा, "खाट एक का दोन?" एकदा हेडमास्तर सासऱ्यांना घेऊन गाडीची चौकशी करायला आले, तर त्यांनाही तेच. मास्तर लालबुंद. शेषराव थंड. "इचारलेलं बरं असतं, सर. बाकी चौकशी आपन करत न्हाई."

सेनगावात त्याच्या दुकानाला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान. दुकान टाकायच्या आधी हा हिंगोलीला जीप मारायचा. सोबत त्याचा दोस्त उत्तम असायचा, दोघांत मिळून एक बिडी. उत्तमचं लग्न ठरलं तेव्हा वऱ्हाड कुरुंद्याला शेषरावानंच नेलं. उत्तम तिकडेच सासऱ्याच्या हळदीच्या शेतीत रमला आणि आमचा बडबड्या ड्रायव्हर बरेच दिवस मुका झाला.

मग औंढ्याचं देऊळ पाहायला आलेले दोन गोरे बाप्ये त्याच्या जीपमध्ये बसले. ते एकमेकांचे जोडीदार. लॉजचा मॅनेजर त्यांना एक खाट देईना. शेषराव काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. "काहून न्हाई? खाट तुझी, पैशे त्यांचे, तकलीफ कोनाला हाय?" मॅनेजर शेवटी कंटाळला. त्या दोघांनी मायदेशी जाऊन ह्याचं एवढं कौतुक केलं, की तशा जोड्या येतच राहिल्या, बाप्यांच्या आणि बायांच्याही. मराठवाडाभर लॉज पारखत हिंडणं हाच ह्याचा धंदा झाला. खोली पाहायला गेला की आधी दाराची आतली कडी लावून बघायचा.

दुकानाच्या पाटीसाठी त्यानं पेंटरला तोंडी सांगितलं, "गे टूर्स." पेंटरला वाटलं, ह्याची जीभ घसरली. त्यानं दुरुस्त करून 'गाय टूर्स' लिहिलं आणि वर टपोऱ्या डोळ्यांची गाय काढली, वासरासकट. लोक येऊन दुभत्या गाईंचा भाव विचारू लागले. मी म्हटलं, "पाटी बदल की." तर म्हणाला, "राहू दे. गाईला कोनी काई इचारत न्हाई."

लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "गिऱ्हाइकांच्याच खाटा पुरून न्हाई राहिल्या, माही कुठं टाकू?" आम्ही हसायचो.

कैक वर्षांनी एका दुपारी मी त्याच्याकडे चहाला बसलो होतो आणि दारात उत्तम उभा राहिला. बायको वारलेली, लेकी नांदायला गेलेल्या, हातात कपड्यांची पिशवी आणि हळदीचं पुडकं. शेषराव उठला. अख्ख्या तालुक्याला विचारलेला प्रश्न त्याच्या तोंडातून निघेना.

उत्तम पाटीवरच्या गाईकडे बघून हसला. "इचार ना गड्या. समद्यायला इचारतो म्हनं."

"भेव वाटून राहिलं," शेषराव म्हणाला.

"एक," उत्तम म्हणाला.

मला भडभडून आलं. चहा तसाच ठेवून मी बाहेर पडलो आणि शटर अर्धं ओढून घेतलं. तेवढ्यात आमच्या शेजारच्या गोरेगावचा एक म्हातारा गाईचं विचारत आला. त्याला म्हटलं, "बाबा, उद्या या. आज चौकशी बंद हाय."