मोलेच्या पातेल्याखाली

ज्या वर्षी थोरली नात इत्सेल लग्न होऊन पुएब्लाला गेली, त्याच वर्षी एवारिस्तो मिस्त्रीने आयुष्यातला शेवटचा स्लॅब ओतला. गावच्या दवाखान्याचा. चार एप्रिल, शनिवार.

तीन मे हा गवंड्यांचा सण. त्या दिवशी बांधकामाच्या माथ्यावर कागदी फुलांचा क्रूस उभा करतात. मिस्त्रीच्या प्रत्येक इमारतीचा क्रूस चाळीस वर्षं त्याच्या बायकोने, ओबदुलियाने सजवला होता. वर मात्र ती कधी चढली नव्हती. आता तर काळीज दमलेलं, जिने चढायला मनाई.

"यंदा मी स्वतः लावणार," ती म्हणाली. "तुझा शेवटचा स्लॅब आहे, म्हाताऱ्या."

"आणि डॉक्टर?"

"त्याला म्हणावं, मग तू सजव क्रूस."

"बरं बाई. खुर्चीत बसवून नेऊ चौघं जण."

आडवी आली ती गुणवत्ता. ती तपासायला राजधानीतून ब्रिसेइदा नावाची तरुण इंजिनियर आली होती. तिने वाळू चाळली, विटा ठोकून पाहिल्या आणि तपासलेल्या प्रत्येक वस्तूवर लाल कागद चिकटवला: हात लावू नये. स्लॅबच्या काँक्रीटचे तीन गोल ठोकळे ओतून तिने पाण्याच्या पिंपात ठेवले. अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे दोन मेला, ते यंत्रात दाबून फोडायचे. पास झाले तरच छतावर पाऊल.

शनिवारी गवंड्यांचं जेवण ओबदुलिया कामावरच रांधायची. पंचवीस एप्रिलला मिस्त्री जेवायला आला, तर मोलेचं, म्हणजे सुक्या मिरच्यांच्या दाट रश्शाचं पातेलं त्याच तीन ठोकळ्यांवर रटरटत होतं.

"अगं, हे काय केलंस?"

"चूल केली."

"हे बाईंचे नमुने आहेत!"

"मग लाल कागद कुठाय? मला वाचता येत नाही, पण रंग कळतो. विटांना कागद, वाळूला कागद, संडासाच्या दाराला कागद. यांनाच नव्हता."

कागद पाण्यात सुटून पिंपाच्या तळाशी बसला होता.

"पिंपातनं काढले कुणी?"

लादिस्लाओ गवंड्याने तोंडातला मक्याच्या तोर्तियाचा घास गिळला. "काकूंना नाही कोण म्हणणार, मिस्त्री?"

बायकोला बोल लागू नये म्हणून मिस्त्रीने त्याच दुपारी तीन नवे ठोकळे ओतले, त्यांवर जुनी तारीख कोरली आणि पिंपात सोडले.

"सिमेंट किती घालू?" लादिस्लाओने विचारलं होतं.

"पाहुण्याला वाढतात तेवढं."

दोन मेला ब्रिसेइदा यंत्राकडून परतली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"मिस्त्री, हा दवाखाना आहे की रेल्वेचा पूल?"

"नापास झाले?"

"दीडपट पास झाले! तुमच्या स्लॅबमध्ये एवढं सिमेंट पडलेलंच नाही. मी उभी होते तिथे. हे ठोकळे कुठले?"

बाईंनी जिन्यावर लाल कागद लावला.

"पोरी, त्याला रागावू नकोस," ओबदुलिया पुढे आली. "खरे माझ्या पातेल्याखाली आहेत."

ब्रिसेइदाने काजळी पुसली. तारीख शाबूत होती. "हेच फोडून बघते. पण उद्या रविवार. यंत्र आता सोमवारी चालू होणार, काकू."

"तोवर?"

"तोवर वर कुणी नाही."

"त्यानं बांधलेलं पडत नाही गं."

"मलाही तसंच वाटतं. पण वाटून भागत नाही."

सणाच्या दिवशी सगळे जिन्याच्या पायथ्याशी जेवले. क्रूस भिंतीला टेकून होता. "फाडा की तो कागद, मिस्त्री," गवंडी म्हणत होते. मिस्त्री जिन्यासमोर खुर्ची टाकून बसला आणि कुणालाही पुढे जाऊ दिलं नाही.

"जन्मात एकदा लबाडी केलीस," ओबदुलिया म्हणाली, "तीही धड जमली नाही तुला."

"पुन्हा नाही करत."

"नकोच करू. सोमवारी तर सोमवारी." तिने पहिल्या पायरीवर हात ठेवला आणि जेवणं उरकेपर्यंत काढला नाही.

सोमवारी यंत्रावरच्या माणसाने ठोकळा हुंगला. "बाई, याला मिरचीचा वास येतोय."

"तुम्ही दाबा."

एक फुटला, दुसरा फुटला. दोन्ही पास, हवे होते तेवढेच. तिसरा ब्रिसेइदाने फोडला नाही. तो गाडीत घालून ती दवाखान्यावर आली, जिन्यावरचा कागद स्वतः काढला आणि निकाल हातात घेऊन मिस्त्रीच्या घराकडे चालत गेली. दारावर काळी फीत बांधलेली होती.

मिस्त्री उंबऱ्यात उभा होता. "पास?"

"पास, मिस्त्री."

"तिनं शनिवारीच सांगितलं होतं."

मंगळवारी स्मशानातून परतल्यावर क्रूस वर गेला. पुढे मिस्त्री, मागे क्रूस उचललेली ब्रिसेइदा. तिसरा ठोकळा थडग्याशी आहे, त्यावर फुलांची बरणी ठेवतात. एका बाजूची काजळी मिस्त्रीने कुणाला धुऊ दिली नाही.

ओबदुलिया वारली ती सोमवारी, चार मे एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला, सकाळी सात वाजता.