बाबल आणि त्याचा पट्टा

जमिनीवर निजलेल्या पोराला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते, असं आमच्याकडे म्हणतात. बाबल हेच एका लोखंडी सांगाड्याबद्दल म्हणायचा.

रेडीच्या खाणीवर खनिजाचे दगड ट्रकात चढवायला एक पट्टा होता. लांबलचक रबरी पट्टा, त्याखाली फिरणारे रूळ, एका टोकाला इंजिन आणि पोटाखाली दोन चाकं. आज इथे, उद्या तिथे, जिथे ढीग तिथे ओढून न्यायचा. बायका पाट्या भरून आणत आणि त्याच्या खालच्या तोंडात ओतत. तो माल वर नेऊन ट्रकात टाकी. तो चालवायला बाबल. पट्टा बंद असताना घाईत कोणी त्याच्यावरून टांग टाकली, की बाबल ओरडायचा, "मेल्या, ओलांडू नको! वाढूचो नाय तो!"

एका नव्या साहेबाने विचारलं, "अजून किती वाढायचाय रे?"

बाबल साहेबांशी पुस्तकातलं मराठी बोलायचा. म्हणाला, "साहेब, बंदराच्या धक्क्यापर्यंत वाढला, तर ट्रक कशाला लागतील?"

साहेब वळसा घालून गेला.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी त्याच खाणीवर सुरुंगाची भोकं पाडायचो. माझी बायको शेवंता पाटीवर होती. बाबल दिसायला वाईट होता, लपवण्यात अर्थ नाही. दात पुढे, केस लाल मातीने माखलेले, आणि आवाज असा की कानात बोट घालावं. दिवसभर इंजिनाशेजारी उभा राहून त्याला हळू बोलणं जमेनासं झालं होतं. एकदा मुलगी बघायला गेला. काकाच्या कानात म्हणाला, "चेडू बरा आसा, पण बापूस चाय पाण्यासारखी देता." कानातलं ते सगळ्या घराने ऐकलं. चहाचे कप उचलले गेले आणि लग्न मोडलं. मग त्याने पुन्हा कोणाकडे बघितलं नाही. आई गेलेली, भाऊ मुंबईला गेला तो परत फिरकला नाही. बाबलाला त्या पट्ट्याशिवाय जगात काही नव्हतं. हे मी म्हणत नाही, सगळी खाण म्हणायची.

रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तो पट्ट्यापुढे गाऱ्हाणं घालायचा. देवळात घालतात तसंच. आम्ही सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं.

"बा देवा पट्ट्या म्हाराजा! आज तुझ्या पाठीर दगड येतले, ते सुखरूप वर पोचव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाचो हात, कोणाचो पदर तुझ्यात अडकू देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि त्या मुकादमाचा त्वांड जरा बंद ठेव रे म्हाराजा!"

ह्याला बायकांचा 'होय' सगळ्यात मोठा. मुकादमही हात जोडून उभा असायचा, करतो काय!

पावसाळ्यात खाण बंद. पाऊस सरून काम सुरू झालं की पट्ट्याला नारळ द्यायचा, हाही बाबलाचाच नेम. एका वर्षी त्याच्या डोक्यात आलं, समुद्राला नारळ देताना आपण फोडतो का? अख्खाच सोडतो ना? मग पट्ट्याला फोडून का द्यायचा? इंजिन चालू केलं आणि नारळ पट्ट्यावर सोडला. नारळ डुलत डुलत वर गेला. वर ट्रकात ऑफिसातला कारकून मालाचा अंदाज घेत उभा. नारळ थेट त्याच्या खांद्यावर.

"कोणी मारला? कोणी मारला मला?"

बाबल हात जोडून म्हणाला, "मारला नाही साहेब. पावला तुम्हांला."

शेवंता हसता हसता पाटीसकट खाली बसली. ती हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

दुपारी आम्ही तिघं पट्ट्याच्या सावलीत जेवायला बसायचो. बाबलाच्या डब्यात नेहमी कोरडी भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा. शेवंता त्याला आपल्यातलं कालवण वाढायची. तो ते ओरपायचा आणि वर आंबट कमी म्हणून नावं ठेवायचा.

"वयनी, ह्या काय केलंस गो? सोलां घालूक इसारलंस?"

"तुझ्या बायलेक सांग सोलां घालूक."

"बायल खंय आसा?"

"मगे गप गीळ."

असं रोज. मी मधे बसून जेवायचो, बोलायचो कमी. बोलायला ते दोघं होते.

मग एका भादव्यात शेवंताला ताप आला. डॉक्टरपर्यंत न्यायला होडी मिळेस्तोवर ती गेली. ह्याच्यापुढे त्याबद्दल मी लिहिणार नाही.

पाऊस संपला, खाण सुरू झाली. मी कामावर जायचो, भोकं पाडायचो. दुपारी डबा नेतच नव्हतो. डोंगराकडे तोंड करून एका दगडावर बसायचो आणि भोंगा झाला की उठायचो. कोणी जवळ आलेलं मला खपत नव्हतं. बाबल लांबून बघायचा.

त्याच दिवसांत हुकूम आला. तळेऱ्याच्या बाजूला रस्त्यासाठी खडी फोडायचं काम निघालंय, पट्टा तिकडे जाणार. बाबलानेही बरोबर जायचं, पगार वाढवून मिळेल, राहायला खोली मिळेल. इथे राहिला तर पट्टा नाही, पाटीच उचलावी लागेल. बायका म्हणाल्या, "इचारतास काय? पट्ट्याच्या आधी बाबल जावन बसतलो थयसर."

ट्रक आला. बाबलाने स्वतः पट्टा मागे जोडला. बोल्ट ओढून बघितले, रूळ हाताने फिरवून बघितले. ड्रायव्हरला बजावलं, "वळणाक सावकाश. मान उंच आसा तेची, झाडाक लागात." मग पट्ट्यापुढे उभा राहून गाऱ्हाणं घातलं. त्यात मुकादमाचं नाव नव्हतं.

साहेब म्हणाले, "चल बाबल, बस पुढे."

"मी नाही येत, साहेब."

"का रे?"

"मला तिकडचं पाणी बाधतं."

तिकडचं पाणी त्याने जन्मात प्यायलं नव्हतं. साहेबांनी दोनदा समजावलं, मग चिडून ट्रक सोडायला सांगितलं. पट्टा हलत हलत निघाला. बाबल त्याच्या मागून वळणापर्यंत चालत गेला. तिथे उभा राहिला. लाल धूळ खाली बसली तरी उभाच होता.

दुसऱ्या दिवशी तो बायकांच्या रांगेत डोक्यावर पाटी घेऊन. "बाबल्या, नेसूक लुगडा आणू काय रे?" एकीने विचारलं. "आण," तो म्हणाला, "पण नवा आण." सगळ्या हसल्या. मान आखडली होती त्याची, दगडांच्या ओझ्याने पाय वाकडे पडत होते.

दुपारी तो माझ्या दगडाजवळ आला आणि न विचारता खाली बसला. मला राग आला. म्हटलं, "मेल्या, खुळो झालंस? पट्टो गेलो आणि तू हयसर रवलंस? कित्याक?"

त्याने फडकं सोडलं. बांगड्याचे काटे काढत बसला. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, हळू आवाजात बोलला.

"पट्ट्याक चाकां आसत, सोम्या. ओढूक ट्रक आसा. तुका कोण ओढतलो?"

त्याने भाकरी मोडली. मोठा तुकडा बांगड्यासकट माझ्या हातावर ठेवला. मी तोंडात घातला तसा तो पुन्हा त्याच्या मूळच्या आवाजात, सगळ्या खाणीला ऐकू जाईल असा ओरडला,

"चाव रे! गिळू नको!"